पेट्रोल न जाळणारं घर

१. कोंदट ऊब

अण्णांच्या खोलीत चहा घेऊन गेलेली सून कप हातात तसाच धरून खाली धावत आली. जिन्यावर चहा सांडला, हात पोळला. ते तिला पुष्कळ उशिरा, फोड आल्यावर कळलं.

अण्णा नेहमीसारखे कुशीवर झोपले होते. गेले काही दिवस त्यांचा चेहरा अगदी उतरला होता, पण त्या सकाळी गालांवर छान गुलाबी रंग होता. तिने कपाळाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

घरात वीज नव्हती. आदल्या संध्याकाळच्या वादळात गेली होती, ती गेलीच होती. तिने रुग्णवाहिकेला फोन केला, समोरच्या इमारतीत राहणाऱ्या दिराला फोन केला आणि कुणाचीही वाट न पाहता गॅरेजकडे पळाली. गाडी बाहेर काढून तयार ठेवावी, एवढंच डोक्यात होतं. शटर विजेवर चालणारं. तिने ते हाताने, सगळा जोर लावून उचललं.

बाहेर श्वासाची वाफ दिसावी अशी थंडी होती. आतून मात्र कोंदट, ऊबदार हवेचा लोट तिच्या अंगावर आला. क्षणभर तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची पुढे कित्येक दिवस तिला किळस येत राहिली.

गाडी काढावी लागलीच नाही. रुग्णवाहिका आली, डॉक्टर वर गेले आणि घाई न करता खाली आले.

"कार्बन मोनॉक्साइड," ते म्हणाले. "तो असा गुलाबी रंग देतो. त्या खोलीतला गॅसचा हीटर रात्री कुणी पेटवला होता?"

धापा टाकत आलेला दीर दारातच थांबला होता. त्याने वहिनीकडे पाहिलं.

"मी," सून म्हणाली.

२. मीटरबाई

पोलीस निरीक्षक बाईंना त्यांच्या चौकीत सगळे मीटरबाई म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. नोकरीत येण्याआधी त्या भौतिकशास्त्र शिकल्या होत्या आणि कुठलीही गोष्ट मोजून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिथूनच सोबत आली होती. त्यांचा सहायक वयाने मोठा, पोटाने त्याहून मोठा.

"मॅडम, यात आपण काय शोधायचं?" जिना चढताना तो म्हणाला. "वीज नव्हती, सुनेने गॅसचा हीटर लावला, खिडक्या बंद होत्या, म्हातारा गेला. निष्काळजीपणाचा गुन्हा. त्यापेक्षा आपली भुताची गाडी शोधू या."

भुताची गाडी हे त्यानेच ठेवलेलं नाव. गेल्या आठवड्यात कालव्याच्या रस्त्यावर एका परिचारिकेच्या सायकलला मागून काहीतरी धडकलं होतं. पायाची हाडं मोडून ती अजून रुग्णालयात होती. "मागून काही येतंय असं वाटलंच नाही हो," एवढंच ती सांगत होती. "आवाजच नव्हता. वारा आल्यासारखं झालं आणि मी पडले."

अण्णांची खोली गॅरेजच्या बरोबर वर होती. खाली-वर एकच भिंत, मध्ये लाकडी तक्तपोशी. सून आणि तिची मुलगी चिमणी थंडीमुळे त्या रात्री घराच्या पार मागच्या बाजूच्या खोलीत झोपल्या होत्या. कोपऱ्यातल्या हीटरची कळ बंद होती.

"ही तुम्ही बंद केलीत?" मीटरबाईंनी विचारलं.

"आठवत नाही." सुनेचा आवाज कोरडा झाला होता. "सकाळी... मला काही आठवतच नाही. रात्री अण्णा म्हणाले होते, पांघरुणात शिरलो की मी बंद करतो, तू जा. ते विस्तव पेटता ठेवून कधी झोपत नसत."

"पण या वेळी झोपले असतील," तिचा नवरा दारातून म्हणाला. तो पूल तपासणारा अभियंता. कामासाठी परगावी होता, फोन मिळताच निघून नुकताच पोचला होता. बायकोकडे न बघता त्याने पुढचं वाक्य म्हटलं. "खिडकी फटभर उघडी ठेवायला काय झालं होतं तुला?"

तिने खिडकीची कडी चाचपून पाहिली.

"चिमणीला मी मावशीकडे नेऊन सोडतो. काही दिवस राहील तिथे."

"काही दिवस म्हणजे?"

"मला ती आत्ता तुझ्याजवळ नको आहे." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघत राहिला. सून भिंतीला टेकली. त्या घरात आणखी एक मरण झाल्यासारखं मीटरबाईंना वाटलं.

अग्निशमन दलाचा माणूस वायुमापक घेऊन आला होता. मीटरबाईंनी खोली होती तशी बंद करायला लावली आणि हीटर पुन्हा पेटवून दिला. ज्योत निळी, शांत, सरळ. बराच वेळ गेला. मग तो माणूस मापकाचा काटा दाखवत बाहेर आला.

"हा हीटर निर्दोष आहे, बाई. असा रात्रभर जळला तरी डोकं जड होईल, फार तर. माणूस नाही मरायचा."

सहायकाने डोकं खाजवलं. "मग विष आलं कुठून?"

मीटरबाई पलंगाखाली वाकल्या होत्या. तिथे भिंतीला लागून तक्तपोशीला अंगठा जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून एक जाड काळी वायर खाली उतरली होती.

"गाडीच्या चार्जरची वायर आहे," सून म्हणाली. "विजेचा मुख्य बोर्ड या खोलीत आहे ना. भोक बुजवायला येतो म्हणून इलेक्ट्रिशियन गेला, तो आलाच नाही."

मीटरबाईंनी पातळ कागदाची एक पट्टी फाडली आणि भोकावर धरली.

पट्टी वर उडाली. खालची हवा वर येत होती.

३. मफलर

"पण खाली तर काहीच जळत नाही," सून पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आमची गाडी विजेवर चालते."

"प्लग-इन हायब्रिड आहे ना? म्हणजे इंजिनही आहे."

"असून नसल्यासारखं."

मग तिने जे सांगितलं, ते ऐकताना सहायकाला दोनदा हसू दाबावं लागलं. अण्णा वजनमापं तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. दुकानदारांचे तराजू तपासण्यात जन्म गेला. छोटी एसयूव्ही घरात आली, ती रोज रात्री घरी चार्ज करायची, शहरातल्या शहरात बॅटरीवर फिरायचं, लांबच्या प्रवासापुरतं पेट्रोल ठेवायचं, असं ठरवूनच. पण अण्णांना त्या पेट्रोलच्या पट्ट्यांचा नाद लागला. टाकी भरल्यापासून पडद्यावरची एकही पट्टी कमी झाली नव्हती, आणि ती होऊ द्यायची नाही, हा घरातला कायदा झाला.

"या गाडीत हीटर जोरात लावला की इंजिन सुरू होतं. म्हणून हिवाळ्यात आम्ही गाडीत मफलर, हातमोजे घालून बसतो. चढावर जोरात पाय दाबायचा नाही. मागे गाड्या भोंगे वाजवतात, वाजवू देत. चिमणी तर म्हणते, आपण गाडीत बसतो की फ्रीजमध्ये?" बोलता बोलता तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि अर्ध्यातच मावळलं. "काल वादळात तशीच कुडकुडत आले. बॅटरी तळाला गेली होती. आणखी दोन वळणं असती तर इंजिन लागलंच असतं."

"आल्यावर काय केलंत?"

"बंद केली, चार्जरला लावली. वीज नव्हती, पण सवयच आहे. आली की आपोआप चार्ज होईल, म्हटलं."

"नक्की बंद केलीत? आवाज नसतो, त्यामुळे लोक विसरतात."

"केली. चालू असताना प्लग लावला तर ती ओरडते. चार्जही होत नाही."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझी, रात्री उशाशीच होती. दुसरी भाऊजींकडे. त्यांना अधूनमधून गाडी लागते. गेल्या आठवड्यात अण्णांनाही घेऊन गेले होते."

मीटरबाईंनी तिची किल्ली घेतली आणि एकट्याच बाजूच्या छोट्या दाराने गॅरेजमध्ये उतरल्या.

गाडी पांढरी, नीटनेटकी. चार्जरची केबल पुढच्या झाकणात खोचलेली, भिंतीवरच्या चार्जरचा दिवा विझलेला. बॉनेटवर एक करडं मांजर अंगाचं वेटोळं करून झोपलं होतं. बाईंची चाहूल लागताच ते उठलं, आळस दिला आणि उडी मारून गेलं. त्याच्या चिखलाच्या पावलांचे ठसे बॉनेटच्या मधोमध गोल उमटले होते, थोडे केसही चिकटले होते.

त्या आत बसल्या. गिअरच्या मागे बटणांची रांग होती. त्यातल्या एका बटणावर जखमेला लावायची चिकटपट्टी चिकटवलेली होती.

"हे कसलं?" त्यांनी वर येऊन विचारलं.

"ते अण्णांनी लावलं. ते दाबलं की गाडी उभ्या उभ्या इंजिन चालवते आणि पेट्रोल जाळून बॅटरी भरते. चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. खरं तर गाडी बंद केली की ते बटणही आपोआप सुटतं, पण अण्णांना भरवसा नव्हता." तिने मान हलवली. "असलं बटण मुळात देतातच कशाला, म्हणायचे."

पट्टीच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा खळगा पडला होता आणि एक कोपरा उचकटला होता, हे मीटरबाईंनी पाहिलं होतं. गाडी चालू केल्यावर पडद्यावर काय दिसलं, तेही पाहिलं होतं. त्यातलं त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत.

"शेवटचं. अण्णा काल काही वेगळं बोलले होते?"

सुनेने आठवून सांगितलं. "उद्या सकाळी मला पोलीस चौकीवर घेऊन चल, म्हणाले. का ते सांगितलं नाही. म्हणाले, तिथे गेल्यावर एकदाच सांगतो, दोनदा बोलायचा धीर नाही."

४. कर्नल आणि करडं मांजर

शेजारच्या गृहस्थांना सगळे कर्नल म्हणत. ते कधीच सैन्यात नव्हते, फक्त चालायचे तसे. अण्णांशी त्यांचं कुंपणाच्या भिंतीवरून वर्षानुवर्षं वाकडं.

"संशय घ्यायचाय? घ्या," ते दार उघडताच म्हणाले. "माझं त्यांच्याशी पटत नव्हतं. पण माणूस सोन्यासारखा होता. भांडायला आता कोण आहे मला?" आणि त्यांनी घाईघाईने चष्मा पुसायला घेतला.

"रात्री काही ऐकलंत?"

"या वादळात? स्वतःच्या घोरण्याचा आवाज नाही आला. त्यात अंधार. आमच्या बाजूला अजून वीज नाही, बघा! समोरच्यांना रात्रीच आली. त्यांची लाइन वेगळी. दर वेळी हेच. मी अर्ज करून थकलो."

मीटरबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. कर्नलांच्या दारात त्यांची जुनी पेट्रोलची गाडी होती. तिच्या बॉनेटवर जाड गोणपाट टाकलेलं होतं.

"हे कशासाठी?"

"ते करडं भूत! मी बाहेरून आलो की पाच मिनिटांत बॉनेटवर. ऊब लागते ना त्याला. ओरखडे बघा, ओरखडे! मी अण्णांना म्हटलं, तुमच्या गाडीवर का नाही हो बसत ते? तर छाती फुगवून म्हणाले, आमचं बॉनेट बारा महिने गार असतं. मांजरालासुद्धा ठाऊक आहे."

सहायक मोठ्याने हसला. मीटरबाई हसल्या नाहीत. त्यांचा हात दाराच्या कडीवर थबकला होता.

"मांजरालासुद्धा ठाऊक आहे," त्या हळूच म्हणाल्या.

आज सकाळी मात्र मांजराला काहीतरी वेगळंच ठाऊक झालं होतं.

५. समोरचा फ्लॅट

अण्णांच्या धाकट्या मुलाच्या फ्लॅटमध्ये दिवे लागलेले होते. विजेच्या किटलीत पाणी उकळत होतं. तो टूर कंपनीत होता, बोलघेवडा, हातवारे करणारा. डोळे मात्र सुजलेले.

"चहा घ्या. मला काही सुचत नाहीये. दोन हात दूर माझा बाप गेला आणि मी इथे झोपलेलो."

"काल घरी गेला होतात?"

"नाही हो. वादळात कोण जातं?" त्याने कप पुढे केला. "एक सांगू? वहिनीवर फार ताणू नका. ती मुद्दाम असं करायची नाही. अण्णांवर जीव होता तिचा. चूक झाली. चूक कुणाचीही होते."

"मोठ्या मनाचे आहात," सहायक म्हणाला.

"गाडी तुम्ही पण वापरता ना?" मीटरबाईंनी विचारलं.

"कधीतरी. का?"

"तीही तपासायची आहे."

"गाडी?" तो हसला. "तिचा काय संबंध? विजेवरची गाडी, फुल चार्ज होऊन उभी आहे बिचारी. तिला ना धूर ना वास."

मीटरबाईंनी चहाचा घोट घेतला. चहा चांगला होता. त्यांनी तो संपवला.

"गेल्या आठवड्यात तुम्ही अण्णांना कुठे नेलं होतंत?"

पुन्हा लावलेली किटली बंद झाल्याचा टक्‌ आवाज आला. धाकटा किटलीकडे वळून उभा राहिला, पाठमोरा.

"दाताच्या डॉक्टरकडे," तो म्हणाला. "नेहमीच्याच रस्त्याने."

जिना उतरताना सहायक कुजबुजला, "मॅडम, कुठल्या रस्त्याने ते तुम्ही विचारलंच नव्हतं."

"नाही," मीटरबाई म्हणाल्या. "आणि गाडी फुल आहे, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. गॅरेजमध्ये सगळ्यांना बोलवा. चिमणीला घेऊन निघालेल्या तिच्या बाबांना म्हणावं, थोडं थांबा."

६. चार्जरचा दिवा

गॅरेजमध्ये शटरमधून येणारा उजेड होता तेवढाच. थोरला, सून, धाकटा आणि कर्नल गाडीच्या चार बाजूंना उभे राहिले. गाडी मधे होती, एखाद्या आजाऱ्याच्या पलंगासारखी.

मीटरबाईंनी दार उघडून गाडी चालू केली. काहीच ऐकू आलं नाही. फक्त पडदा उजळला.

"एक एक करून आत बघा आणि मला सांगा, इथे काही विचित्र दिसतंय का?"

कर्नल वाकले. "मला यातलं काही कळत नाही. फार रंग आहेत."

थोरल्याने पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "पेट्रोलची एक पट्टी कमी आहे." त्याने पुन्हा पाहिलं. "अण्णांनी हे... हे त्यांना कसं चाललं?"

"त्यांनी पाहिलं असतं तर चाललं नसतं," मीटरबाई म्हणाल्या. "या घरात ती पट्टी रोज मोजणारा एकच माणूस होता. तुम्ही?"

धाकट्याने ओझरतं पाहिलं. "बॅटरी फुल आहे. त्यात विचित्र काय?"

"वहिनी काल बॅटरी संपवून आल्या होत्या."

"हो, मग? चार्जरला लावली होती ना तिने. रात्री वीज आल्यावर झाली चार्ज. साधी गोष्ट आहे."

 बाहेर कुठेतरी पत्रा वाऱ्याने वाजत होता.

"भाऊजी," सून अगदी हळू म्हणाली, "वीज अजून आलेली नाही."

तिने हात लांबवून भिंतीवरचं बटण दाबलं. खट्ट. पुन्हा दाबलं. खट्ट. वरची दिव्याची नळी काळीच राहिली. चार्जरचा दिवाही विझलेलाच होता.

धाकट्याने वळून समोरच्या आपल्या फ्लॅटकडे पाहिलं.

"तुमच्या बाजूला आली रात्री," मीटरबाई म्हणाल्या. "खिडकीत उजेड झाला, तुम्हाला हायसं वाटलं. इकडेही आली असेल, आता भरलेल्या बॅटरीकडे कुणी बघणार नाही, असं तुम्ही धरून चाललात. सकाळी धावत आलात तेव्हा लख्ख उजाडलं होतं. दिवा लावायची वेळच आली नाही." त्यांनी बॉनेटवर बोट ठेवलं. "वीज नाही, तरी बॅटरी भरली. म्हणजे ती इंजिनाने भरली. समजा वहिनी गाडी बंद करायला विसरल्या असत्या, तर काय झालं असतं? बॅटरी तळाला गेली की इंजिन लागतं, पण तळाशी थोडासा चार्ज ठेवण्यापुरतंच. काठोकाठ भरत नाही. काठोकाठ भरायची तर हे बटण दाबावं लागतं. चिकटपट्टीवरून दाबलेल्या बोटाचा खळगा अजून तसाच आहे. सकाळी शटर उघडलं तेव्हा आतली हवा उबदार होती, आणि हे बॉनेटसुद्धा. जन्मात या गाडीवर न बसलेलं मांजर इथे येऊन झोपलं."

"मग गाडी बंद कुणी केली?" थोरल्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कुणीच नाही. तीच तर सोय आहे. बॅटरी भरली की इंजिन थांबतं, मग बराच वेळ कुणी हात लावला नाही की गाडी स्वतःच बंद होते. केबल आधीच खोचलेली असली की गाडी ओरडतही नाही. एकदा बटण दाबायचं, बाजूच्या दाराने निघून जायचं. पुढचं सगळं गाडी करते. झाल्यावर झाकपाकसुद्धा."

सुनेने गाडीपासून एक पाऊल मागे घेतलं.

"हे वहिनीही करू शकते!" धाकटा ओरडला. "किल्ली तिच्याकडेही आहे."

"आहे. पण बॅटरी संपवून आले, हे मला त्यांनीच सांगितलं. रात्रभर अंधारात होत्या, हेही त्यांना माहीत होतं. ज्याने हे केलं, त्याला यातली दुसरी गोष्ट माहीत नव्हती. किल्ल्या दोन, माणसं दोन. आणि गाडी शेवटची कुठल्या किल्लीने चालू झाली, हे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कळतं. सकाळी मी वहिनींची वापरली. त्याआधीची ते सांगतील."

धाकट्याचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"ती बाई समोर आलीच कशी, मला कळलं नाही," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "सायकलला दिवा नव्हता. मी थांबणार होतो. अण्णा ओरडत होते, थांब, थांब म्हणून. मी नाही थांबलो. मग रोज सकाळी तेच. तू स्वतः जा, नाहीतर मी जातो. मी म्हटलं, नोकरी जाईल, आयुष्य जाईल. तर म्हणाले, मी उभ्या जन्मात खोटं माप चालू दिलं नाही, आता घरात चालू देऊ?" त्याने भावाकडे पाहिलं. "दादा, चिमणी मागच्या खोलीत झोपली होती, हे मला माहीत होतं. मी ते बघितलं होतं. खरंच बघितलं होतं."

थोरल्याने त्याला मारलं नाही. तो फक्त गाडीच्या या बाजूने त्या बाजूला गेला आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"मी तुला..." त्याने सुरुवात केली.

"आत्ता नको," ती म्हणाली. "आधी चिमणीला घरात आण."

सहायक धाकट्याला घेऊन शटरबाहेर पडला, तेव्हा घरात कुठेतरी फ्रीज गुरगुरला. भिंतीवर चार्जरचा हिरवा दिवा लागला आणि लुकलुकू लागला. सून पुढे झाली. तिने केबल उपटून काढली.

७. आवाज

गाडी पुष्कळ दिवस पोलिसांच्या आवारात उभी होती. परत मिळाली तेव्हा थोरला म्हणाला, विकून टाकू. सून म्हणाली, टाकू, पण आधी एक फेरी बाकी आहे.

पलंगाखालचं भोक तिने स्वतः सिमेंटने बुजवलं होतं. अण्णांची खोली बंद होती.

फेरी परिचारिकेच्या घरापर्यंत होती. ती कुबड्यांवर चालायला लागली होती. अण्णांना जे चौकीवर सांगायचं होतं, ते तिला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं. सुनेने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. परिचारिकेने ऐकून घेतलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. निघताना तिने फक्त विचारलं, "ते म्हातारे गृहस्थ ओरडले होते ना, थांब म्हणून? मला वाटलं होतं, मला भास झाला."

"भास नव्हता," सून म्हणाली.

परतताना संध्याकाळ झाली. काचेवर वाफ धरू लागली होती. मागच्या सीटवर चिमणी मफलरमध्ये नाकापर्यंत बुडालेली. रस्ता कालव्याच्या कडेचा होता आणि पुढे कुणीतरी सायकलवर चाललं होतं, दिव्याशिवाय.

सुनेने वेग कमी केला. मग हात पुढे करून हीटरची कळ शेवटपर्यंत फिरवली. गाडी क्षणभर घुटमळली आणि बॉनेटखाली काहीतरी घरघरून जागं झालं.

"आई!" चिमणी दचकून म्हणाली. "इंजिन लागलं! पेट्रोल जाईल!"

पुढच्या सायकलवाल्याने मागे वळून पाहिलं आणि तो रस्त्याच्या कडेला सरकला.

"जाऊ दे," आई म्हणाली. "येऊ दे आवाज."